परमुलखातले बिऱ्हाड

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त खडेबाजार येथील सभेत केलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा विषयाची निवड आमच्यावर सोडली नव्हती. तरुण मंडळींनी तो ठरवूनच ठेवला होता. युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे बाल्कन प्रदेशात, एखाद्या जुन्या लहान गावी परकीय माणसाने थोडक्या खर्चात कसे राहावे, हा तो विषय. ऐकून प्रथम हसू आले. खडेबाजारात दुकानाच्या फळीवर बसून बाल्कनचा विचार करणारे लोक आपल्यात आहेत, याचे नवल वाटले. परंतु चौकशी करता कळले की, आपल्या मोहल्ल्यातील दोन-तीन मुले आखाताऐवजी तिकडच्या नोकऱ्यांची विचारपूस करीत आहेत, आणि एक पेन्शनर गृहस्थ तर तेथे घर केवढ्याला पडते याचा हिशेब वहीत मांडून बसले आहेत. तेव्हा विषय वाटतो तितका लांबचा नाही.

आम्ही शाळामास्तर. इतिहास-भूगोल शिकवीत वीस वर्षे गेली. बाल्कन प्रदेश आम्ही नकाशावर पाहिला आहे आणि पुस्तकांतून वाचला आहे, प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पण परक्या गावी थोडक्यात राहण्याचा प्रयोग पाहावयाचा तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या बेळगावातच तो शेकडो माणसे रोज करीत आहेत. म्हणून आधी तिकडचे थोडे सांगतो आणि मग गाडी घराकडे वळवितो.

बल्गेरिया देशात वेलिको तर्नोवो नावाचे गाव आहे. यांत्रा नदीच्या खोल वळणांवर, टेकड्यांच्या उतारावर, घरे एकावर एक रचल्यासारखी दिसतात. सन ११८५ पासून १३९३ पर्यंत ही बल्गेरियन राज्याची राजधानी होती. त्सारेवेत्स नावाचा तेथला किल्ला आणि रट्टांच्या अमदानीत सन १२०४ मध्ये उभा राहिलेला आपला बेळगावचा किल्ला हे ढोबळमानाने एकाच काळातले. १३९३ मध्ये उस्मानी तुर्कांनी ते शहर घेतले आणि पुढे जवळजवळ पाचशे वर्षे तेथे तुर्की अंमल राहिला. त्या काळात हे व्यापाऱ्यांचे गाव झाले. प्रवासी व्यापाऱ्यांसाठी सराया झाल्या. त्यांतली एक अजून उभी आहे. सन १८५८ च्या सुमारास ती बांधविणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव हाजी निकोली. हा गृहस्थ ख्रिस्ती होता. त्या मुलखात जेरुसलेमची यात्रा करून आलेल्या ख्रिस्ती माणसालाही लोक 'हाजी' म्हणत. आपल्या बुजुर्गांना हे ऐकून मौज वाटेल.

अशा या गावात आणि भोवतालच्या खेड्यांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ इंग्रज कुटुंबांनी जुनी घरे विकत घेतली. सन २००७ मध्ये बल्गेरिया युरोपीय संघात सामील झाला, त्याच्या आगेमागे ही लाट जोरात होती. दगडी जोते, वर लाकडामातीचे घर, आवारात द्राक्षाचा मांडव, एक विहीर. इंग्लंडात नवी मोटार घ्यावी तेवढ्या किमतीत, कधी त्याहूनही कमी पैशात, असे घर मिळे. इंग्लंडातले पेन्शन तिकडे बसून खाल्ले तर महिना पुरून वर उरे. आमच्या पेन्शनर मित्रांच्या वहीत उतरला आहे तो हाच हिशेब.

त्या वहीत जे लिहिलेले नसते तेही सांगावयास हवे. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडते. जुन्या घरात ऊब आणावयाची तर लाकडाची शेगडी, आणि लाकूड उन्हाळ्यातच विकत घेऊन रचून ठेवावे लागते. ज्याने घराचा खर्च जून महिन्यात पाहून ठरविला तो जानेवारीत अडचणीत आला. स्वस्त घराचे छप्पर बहुधा गळके असते, आणि छप्पर शाकारणारा माणूस शोधावयाचा तर त्याच्या भाषेत, त्याच्या लिपीत. कायद्याचा भाग निराळाच. इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, सन २०२१ पासून, त्या इंग्रजांनाही नव्वद दिवसांच्या वर राहण्यासाठी परवाना काढणे भाग पडले. आपल्यासारख्या हिंदी माणसाला तर आधी व्हिसा, आणि लांब मुदतीसाठी राहावयाचे तर नोकरी, शिक्षण, पेन्शन असे काहीतरी सबळ कारण कागदावर दाखवावे लागते. घर विकत घेतले म्हणजे राहण्याचा हक्क आपोआप मिळाला, असे समजून कोणी पैसे पाठवू नयेत. आणि आता सन २०२६ च्या आरंभापासून त्या देशाने आपले जुने नाणे सोडून युरो स्वीकारला आहे. तेव्हा जुन्या हिशेबाच्या वह्या पुन्हा तपासून घ्याव्यात.

पण आम्हांस या सगळ्याहून निराळाच एक प्रश्न पडला. हे घर इतके स्वस्त का? बाजारात कांदा स्वस्त झाला तर पीक भरपूर आले असे आपण म्हणतो. घरांचे पीक येत नाही. सन १९८९ च्या आसपास बल्गेरियाची वस्ती नव्वद लाखांच्या घरात होती. २०२१ च्या शिरगणतीत ती पासष्ट लाखांवर आली. तरुण माणसे जर्मनीत, स्पेनमध्ये, खुद्द इंग्लंडात मजुरीला गेली. मागे म्हातारी माणसे राहिली, तीही एकेक करून गेली, आणि घराला कुलूप लागले. त्या कुलपाची किंमत म्हणजे ती स्वस्ताई. इंग्लंडातला पेन्शनर स्वस्त म्हणून तिकडे येतो आणि त्या घरचा मुलगा मिळकतीसाठी इंग्लंडात भाड्याच्या खोलीत राहतो, असा हा उलटा व्यवहार आहे. खानापूरच्या जंगलपट्टीत आणि चंदगडकडच्या वाड्यांतून जो फिरला असेल त्याला अशी कुलपे ओळखीची वाटतील. ती माणसे पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला गेली आहेत.

तेव्हा स्वस्ताईची एक जात ही. कोणी निघून गेल्यामुळे झालेली. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांना आम्ही एवढेच सांगू की, अशा गावी जरूर जा, पण तेथल्या म्हाताऱ्या शेजाऱ्याशी बोला. त्याचाही मुलगा तुमच्यासारखाच कोठेतरी गेलेला असेल.

आता बेळगाव. आपण येथलेच, म्हणून आपणांस हे गाव स्वस्त की महाग याचा अंदाज नसतो. बाहेरून येणाऱ्याला मात्र ते फार दिवसांपासून स्वस्त वाटत आले आहे. थंड हवा आणि बेताचा खर्च यांमुळे 'गरिबांचे महाबळेश्वर' असे नाव याला पडले. सन १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतल्यावर कॅम्प वसला, आणि पलटणीतून निवृत्त झालेली कित्येक माणसे आपल्या गावी परत न जाता येथेच राहिली. गोव्यात पोर्तुगिजांचे राज्य असताना तिकडची मुले शिकावयास येथे येत. सेंट पॉल शाळा १८५६ ची, लिंगराज कॉलेज १९३३ चे, राणी पार्वतीदेवी कॉलेज १९४५ चे. गाव जुने होते, शाळा होत्या, आणि खानावळीचा महिना परवडण्याजोगा होता.

एक पाहुणा तर फार मोठा येऊन गेला. सन १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद कोल्हापुराहून येथे आले. त्या वेळी त्यांना जग ओळखत नव्हते. एक फिरता संन्यासी एवढीच ओळख. वकील सदाशिवराव भाटे यांनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतले, आणि पुढे ते जंगलखात्यातील अधिकारी हरिपद मित्र यांच्या घरी राहिले. भाटे मराठी, मित्र बंगाली, पाहुणा बंगाली. नाव-गाव पुसून मग दार उघडण्याची पद्धत त्या दोन्ही घरांत असती तर ते मुक्काम घडलेच नसते.

आता आजच्या पाहुण्यांकडे येतो. सन १९१६ मध्ये सात शिक्षकांनी मिळून के.एल.ई. संस्था काढली. आम्ही शिक्षक असल्यामुळे हे वाक्य जरा सावकाश उच्चारतो. त्या संस्थेचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये निघाले, आणि २०१० पासून मलेशियातील सायन्स विद्यापीठाने त्या संस्थेबरोबर येथे वैद्यकीय शिक्षणक्रम चालविला. पदवी तिकडची, शिक्षण बेळगावात. म्हणून नेहरूनगर, आझमनगर या बाजूंना मलेशियाची मुले-मुली दिसू लागली. मलय मुली डोक्यावर रुमाल बांधून भाजी निवडताना आपण पाहिल्या असतील. आमच्या दृष्टीने परमुलखातले बिऱ्हाड म्हणजे काय ते समजून घ्यावयास त्यांच्या इतके चांगले गुरू दुसरे नाहीत.

त्यांचा संसार कसा चाले ते पाहण्यासारखे आहे. तिघी-चौघींत एक घर. अनामत रक्कम वाटून घेतलेली. भात तिन्ही त्रिकाळ चालतो, त्यामुळे तांदूळ पोत्याने. घरून येताना बोटाएवढी सुकी मासळी डब्यात भरून आणावयाची. ती संपली की मग आपल्या मासळीबाजारात गोवा-मालवणकडच्या सुक्या माशांत तिचे नातलग शोधावयाचे. नारळ येथे मुबलक, मिरची मुबलक, त्यामुळे जेवणाचे अर्धे काम आपोआप झाले. उरलेले अर्धे शेजारणीच्या ओळखीने. पहिल्या पावसाळ्यात मात्र त्या घाबरतात. पाऊस त्यांच्या देशातही दांडगा, पण कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत हा बेळगावचा अनुभव नवा.

त्यांच्यातील एका मुलीने आम्हांस एक शब्द शिकविला. मलय भाषेत किमतीला 'हर्गा' म्हणतात. आम्ही घरी येऊन कोश काढला. तो संस्कृतातील 'अर्घ' शब्द निघाला, अर्घ म्हणजे मोल. आणि आपला 'महाग' हा शब्दही त्याच घरातला, महार्घ म्हणजे ज्याचे मोल मोठे तो. एक शब्द समुद्र ओलांडून हजार-पंधराशे वर्षांपूर्वी तिकडे गेला आणि आता चन्नम्मा चौकात रिक्षाचे भाडे पुसताना परत आला. असो, मास्तर माणसाला अशा गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पण चौकातला तो अनुभव तितका गोड नव्हता. रिक्षाचे भाडे त्यांना एक आणि आपल्याला दुसरे. खोलीचे भाडे तसेच. परदेशी आहेत, त्यांच्या नाण्यात हे किरकोळ, असे म्हणून दीडपट-दुप्पट सांगावयाचे. आम्ही विचारतो, त्या मुलीचा बाप कोण? कोणी शाळामास्तर, कोणी कारकून. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढून बसलेला. गाव स्वस्त आहे म्हणून त्याने तिला येथे धाडले आणि गावाने तिच्यापुरता भाव बदलला.

आमच्याच मोहल्ल्यात एक भगिनी डबे करतात. घरधनी गेल्यापासून त्याच डब्यांवर त्यांनी दोन मुले शिकविली. त्यांच्याकडे मलेशियाच्या मुलींचे डबे होते आणि निपाणी-संकेश्वरकडच्या मुलांचेही. कोणीतरी त्यांना सुचविले की, या परदेशी मुलींना थोडे चढे लावा, त्या काही बोलावयाच्या नाहीत. बाई म्हणाल्या, "तांदूळ मला एकाच भावाने मिळतो." त्यांनी फक्त मुलींच्या डब्यात तिखटाची गोळी निराळी देणे सुरू केले, कारण त्यांना तिखट जास्त लागे, आणि तिचे पैसे घेतले नाहीत. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा व्यवहार कोठे बसवावा ते आम्हांस सापडले नाही, पण त्यांचे डबे कधी कमी झाले नाहीत.

दोन भावांचा परिणाम परक्यापुरताच राहत नाही. हे नीट ध्यानात घ्यावे. खोलीला चढे भाडे देणारा एक मिळाला की घरमालकाच्या मनात तोच भाव बसतो. पुढल्या साली परदेशी विद्यार्थी आला नाही तरी भाव उतरत नाही. मग जो मुलगा हुक्केरीहून, खानापूरहून, निपाणीहून येतो, ज्याची आई विड्या वळते किंवा तंबाखूच्या वखारीत जाते, त्याला गावात खोली मिळत नाही. तो रोज एस.टी.ने ये-जा करतो. पहाटे निघतो, रात्री पोचतो, आणि वर्गात आमच्यासमोर बसून झोपतो. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ १९९८ मध्ये येथे आले, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये. विद्यार्थी वाढले त्या मानाने परवडणाऱ्या खोल्या वाढल्या नाहीत. आणि चंदगडकडचा मुलगा तर घरापासून तासा-दीड तासावर शिकतो, पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मध्ये रेषा आल्यामुळे कागदोपत्री तो परराज्यातला. येथल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात त्याचा रहिवासी दाखला चालत नाही. परमुलूख लांबच असतो असे नाही.

आणखी एक गोष्ट बोलावयाची, ती जरा अवघड आहे. भाड्याने खोली पाहावयास गेलेल्या माणसाला आधी नाव पुसतात. नाव ऐकले की काही ठिकाणी चेहरा बदलतो आणि "घरच्यांना विचारून सांगतो" असे उत्तर मिळते. आपल्यापैकी अनेकांनी हे उत्तर पुण्यात, मुंबईत आणि येथेही ऐकले आहे. त्याचे दुःख आपणांस ठाऊक आहे. म्हणूनच विचारतो, आपल्या माडीवरची खोली रिकामी असता दुसऱ्या जातीधर्माचा, दुसऱ्या भाषेचा विद्यार्थी आला तर आपण काय उत्तर देतो? या सभेत घरमालक पुष्कळ बसले आहेत, म्हणून उत्तर येथे मागत नाही.

जाता जाता तरुणांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. भाडेकरार अकरा महिन्यांचाच का करतात? नोंदणीच्या १९०८ च्या कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे बंधनकारक आहे. ते टाळण्यासाठी एक महिना कमी. त्यामुळे दर अकरा महिन्यांनी भाडेकरूच्या डोक्यावर नव्या भाड्याची टांगती तलवार. तुम्ही बल्गेरियात जा किंवा बंगळूरला जा, कराराची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, अनामत रकमेची पावती घ्या, आणि आत शिरताना भिंतींची, नळांची स्थिती लिहून दोघांच्या सह्या घ्या. निघताना अनामत अडते ती बहुधा याच कागदावाचून.

आता स्वस्ताईची दुसरी जात. ही कोणी निघून गेल्याने होत नाही. कोणीतरी खर्च उचलल्याने होते. हिचे उत्तम उदाहरण पुन्हा बाल्कनमध्येच सापडते, म्हणून शेवटी का होईना, समितीने दिलेल्या विषयाकडे परत येतो.

बोस्नियातील साराएवो शहर घ्या. सोळाव्या शतकात गाझी हुस्रेव बेग हा तेथला सुभेदार होता. त्याने सन १५३१ मध्ये मशीद पुरी केली, १५३७ मध्ये मदरसा काढला, आणि बांधकामातून उरलेल्या पैशांत चांगली पुस्तके घ्यावीत असे दानपत्रात लिहून ठेवले. त्या ग्रंथसंग्रहाचे आज मोठे ग्रंथालय झाले आहे. त्याने मुसाफिरखाना बांधला आणि 'इमारेत' चालविले. तिकडे इमारेत म्हणजे फुकट जेवण देणारा भटारखाना. आपला 'इमारत' शब्द तोच, आपल्याकडे त्याच्या नुसत्या भिंती आल्या, जेवण तिकडेच राहिले. उस्मानी मुलखातील अशा ठिकाणी वाटसरूला तीन दिवस राहणे-जेवणे मिळावे असा प्रघात होता. तीन दिवसांत माणूस काम शोधतो, खोली पाहतो, ओळख काढतो. परक्या गावातले पहिले तीन दिवसच सर्वांत महाग असतात, हे ज्याने कधी ट्रंक घेऊन स्टँडवर रात्र काढली आहे त्याला सांगावयास नको.

हा खर्च कोण करी? दुकाने. वक्फाच्या मालकीची बाजारातली दुकाने भाड्याने दिलेली असत आणि त्या भाड्यावर भटारखाना चाले. बाजार व्यापाऱ्याकडून पुरे भाडे घेई, म्हणून मुसाफिराला काही पडत नसे. तिकडे आजही दुकानाला 'दुचान', वस्तीला 'महला', शोरब्याला 'चोर्बा' आणि वक्फाला 'वकूफ' म्हणतात. खडेबाजारच्या माणसाला तेथे वाट चुकण्याची भीती नाही.

हीच रीत आपल्या बाजूला कोल्हापुरात शाहू महाराजांनी चालविली. सन १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघाले. १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी संस्था आणि बोर्डिंग निघाले, त्याचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः घेतले. जैन, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजांची मुले, सर्वांसाठी छप्पर झाले. त्या कोल्हापुरातल्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेला एक विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले, आणि मुलांच्या धान्यासाठी पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. साताऱ्यात त्या मुलांना राहणे स्वस्त पडले, त्याची किंमत त्या माउलीने दिली होती.

आता आपल्या घरची गोष्ट. आपल्या ट्रस्टच्या मागल्या चौकात बावीस खाटांचे बोर्डिंग आहे. बाहेरगावची मुले तेथे नाममात्र फीवर राहतात. पुढच्या बाजूला दुकाने आहेत. येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक सूचना येणार आहे, ती बहुतेकांनी ऐकली असेल: मागला चौक नीट दुरुस्त करून, खोल्या पाडून, चढ्या भाड्याने बाहेरच्या विद्यार्थ्यांना द्यावा, आणि त्या उत्पन्नातून गरजूंना शिष्यवृत्त्या वाटाव्यात. सूचना करणारी मंडळी ट्रस्टच्या हिताचीच आहेत. खजिनदारसाहेबांचे म्हणणेही खोटे नाही; छप्पर गळते, वीजबिल वाढते, आणि पुढल्या दुकानांची भाडी आपल्या वाडवडिलांच्या वेळची आहेत. एका जागेचे वर्षाचे भाडे पाहिले तर खडेबाजारात त्यात चांगला शालूही येणार नाही.

तरीही आमचे मत सूचनेच्या विरुद्ध आहे, आणि ते येथे सर्वांसमक्ष सांगतो. शिष्यवृत्तीचे पैसे हातात घेऊन मुलगा खोली शोधावयास जाईल कोठे? आपणच चढविलेल्या भावाच्या बाजारात. त्याला नाव पुसले जाईल ते जाईलच. पैसे देऊन खाट मिळत नाही अशी ज्याची स्थिती आहे, त्याला खाटच द्यावयास हवी. शिवाय बोर्डिंगातला मुलगा नुसता झोपत नाही. वरच्या वर्गातला खालच्याला गणित सांगतो, आजारी पडला तर दुसरा डॉक्टरकडे नेतो, परीक्षेचा अर्ज कोणीतरी भरून देतो. भाड्याच्या चार खोल्यांत चार परके राहतात. हा फरक हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

खजिनदारसाहेबांच्या अडचणीला उत्तर दिले पाहिजे, नुसती भावना सांगून चालणार नाही. पैसा मागल्या चौकातून काढण्याऐवजी पुढल्या दुकानांतून काढावा. दुकानदार बरेचसे आपल्यातलेच आहेत. म्हणूनच तर भाडी वाढली नाहीत. तिघा-चौघांनी आपण होऊन बाजारभावाच्या निम्मे भाडे मान्य केले तरी बोर्डिंगचे वीजबिल सुटते. साराएवोच्या सुभेदाराला जे समजले ते आपल्यालाही समजेल. दुसरे, बावीसपैकी दोन खाटा मुसाफिरासाठी ठेवाव्यात. मुलाखतीला, परीक्षेला, दवाखान्यात आलेल्या रुग्णासोबत, जो कोणी परगावचा येईल त्याला तीन रात्री. त्याच्याकडे ओळखपत्र मागावे, नोंदवहीत सही घ्यावी, कायद्याप्रमाणे असेल ती माहिती पोलिसांना द्यावी. जात मात्र पुसू नये. तिसरे, बोर्डिंगच्या दारावर फीचा एकच फलक असावा.

ज्या तरुणांनी हा विषय आमच्यावर लादला त्यांच्याकडे आमचे एक मागणे आहे. तुमच्यापैकी जो तिकडे जाईल, त्याने पहिल्या महिन्याचा जमाखर्च आम्हांस लिहून पाठवावा. भाडे किती, सरपण किती, कोणी फसविले, कोणी जेवू घातले. बोर्डिंगच्या भिंतीवर आम्ही तो लावू. मागून जाणाऱ्याला कामास येईल.

छपराची कौले मात्र मृग लागण्यापूर्वी फिरवून घेतली पाहिजेत. गवंड्याने पाहून ठेवले आहे, आणि देणगीची पावतीपुस्तके दाराशीच आहेत.